बक्षीसपत्राचे 200 रुपये आणि वरचा तो 1 टक्का

अण्णांनी गावचं घर माझ्या नावावर बक्षीसपत्राने करून द्यायचं ठरवलं तेव्हा जो तो एकच सांगत होता, मुलाला-मुलीला राहतं घर दिलं की स्टॅम्प ड्युटी फक्त 200 रुपये. तेवढ्याच हिशोबाने दस्त नोंदवायला दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो. डेटा एन्ट्रीवाल्या दादांनी रेडी रेकनरने (सरकारी दरांच्या तक्त्याने) घराची व्हॅल्यू काढली, 18 लाख आली, आणि म्हणाले ताई 200 अधिक 18 हजार भरा. अण्णा तर उठूनच निघाले होते, त्यांना वाटलं कोणीतरी मधे पैसे खातंय.

पण तसं नव्हतं. 200 रुपयांची सवलत आहे ती मुद्रांक कायद्यातली, आणि हा वरचा 1 टक्का येतो वेगळ्या कायद्यातून, जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम 1961, कलम 158. खरेदीखत असो की बक्षीसपत्र, ग्रामीण भागात हा अधिभार लागतोच, म्हणून तर गावाकडे खरेदीलाही मूळ स्टॅम्प ड्युटीवर हा 1 टक्का वेगळा धरतात. हे आधी कोणी नीट सांगितलं असतं तर आमची एक चक्कर वाचली असती.

ग्रास चलन (सरकारी पैसे भरायचं ऑनलाइन चलन) भरलं, दस्त झाला, इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा उतारा हातात आला, अर्ध्या तासाचं काम. पण माझ्या डोक्यातून ते 18 हजार काही जाईनात, म्हणजे गेले कुठे? विचारत गेले तेव्हा कळलं की पैसे आधी राज्य सरकारच्या तिजोरीत जमा होतात, मग मुद्रांक शुल्क अनुदान म्हणून जिल्हा परिषदेला येतात आणि त्यातला निम्मा वाटा ग्रामपंचायतींचा. म्हणजे आमच्या एका दस्तातले साधारण 9 हजार गावासाठी! पाणीपट्टी-घरपट्टी वसूल होत नाही म्हणून रडणाऱ्या छोट्या ग्रामपंचायतीला हा पैसा फार मोलाचा आहे, आणि रस्त्याकडेच्या ज्या गावांत प्लॉटची खरेदी-विक्री जोरात चालते तिथे तर ही रक्कम चांगलीच मोठी होते. आडबाजूच्या गावात दस्तच होत नाहीत तर वाटा तरी कुठून येणार, हे मला खरंच खटकतं.

मग ग्रामपंचायतीत गेले. भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, नमुना 5 ची रोकडवही (जमाखर्चाची वही) काढून दाखवली, मुद्रांक शुल्काची नोंद होती पण ती जुन्या दस्तांची, आमची रक्कम यायला वेळ लागेल म्हणाले, अनुदान एकत्रच येतं, एकेका दस्ताचं वेगळं कळत नाही. दाखवलं हेच मला खूप वाटलं, बाकी कोणी विचारायलाच येत नाही असं तेच म्हणाले.

आता 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विचारणार आहे, वर्षभरात या खात्यात किती आले आणि कशावर खर्च झाले. अण्णापण येतो म्हणालेत.