यान घ्यायच्या आधी विम्याचे पैसे

रावेरला केळीचा माल कापला की आबा आधी पुढच्या रोपांचे अन् ठिबकच्या नळ्यांचे पैसे बाजूला काढतात. ‘एलिट डेंजरस’ या अवकाशयान उडवायच्या ऑनलाइन गेममध्ये मी नेमकं तेच विसरलो. यान फुटलं की परत मिळवायला त्याच्या किमतीच्या ५ टक्के भरावे लागतात, हाच तिथला विमा. मी सगळे क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे, नव्या यानात घातले आणि जड गुरुत्वाच्या ग्रहावर आदळलो. यान तर गेलंच, पण तीन आठवडे फिरून जमवलेली, अजून न विकलेली ग्रहांची माहितीही गेली. तिचं दुःख जास्त.

आता तीनदा विमा भरता येईल एवढी शिल्लक असल्याशिवाय निघत नाही. ५ अब्ज क्रेडिटचं फ्लीट कॅरिअर, म्हणजे आपली यानं ठेवायचं अवाढव्य जहाज, खुणावतं. पण खेळा न खेळा, त्याचा खर्च दर आठवड्याला कापला जातो. वर त्याचं इंधन, ट्रिटियम, वेगळं. केळी कापणीच्या दिवसांत मी महिनाभर लॉगिनच करत नाही. म्हणून तूर्तास नाहीच.