आधी खिवा, मग बुखारा, शेवटी समरकंद

उझबेकिस्तानला जाणारी आपली बहुतेक मंडळी ताश्कंद आणि समरकंद करून परत येतात. टूरच्या पत्रकात बुखारा 'ऐच्छिक' असतं आणि खिवाचं तर नावच नसतं. आत्या आणि मी बरोबर उलटी वाट धरली. ताश्कंदहून देशांतर्गत विमानानं थेट उर्गेंच गाठलं, तिथून तीस-पस्तीस किलोमीटरवरचं खिवा, आणि मग वाळवंट ओलांडून पूर्वेकडे बुखारा, समरकंद असं मागे सरकत आलो. जाणाऱ्यांना मी हाच क्रम सुचवेन. समरकंदचं निळं वैभव आधी पाहिलं की खिवा खेळण्यातलं वाटतं आणि बुखारा मातकट. मातीकडून विटेकडे आणि विटेकडून निळ्या फरशीकडे गेलात, तर तिन्ही शहरं आपापल्या जागी नीट बसतात.

व्हिसा सोपा आहे. भारतीयांना ऑनलाइन ई-व्हिसा मिळतो, एकदाच प्रवेश आणि ३० दिवसांपर्यंत मुक्काम, फी २० डॉलर. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. हुबेहूब दिसणाऱ्या दलालांच्या साइट दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. दिल्लीहून ताश्कंद तीन तासांच्या आसपास. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हेच दिवस खरे. जुलैत पारा चाळिशीच्या वर जातो आणि जानेवारीत शून्याखाली.

खिवाचा आतला कोट म्हणजे इचान काला. दोन किलोमीटरांहून जास्त लांबीची, दहा मीटरच्या आसपास उंच अशी कच्च्या विटांची तटबंदी आणि तिच्या आत अख्खं शहर. १९९० साली ते जागतिक वारसा यादीत गेलं. तटाच्या आतच राहा. चौकटीवर कोरीवकाम असलेल्या जुन्या घरांची छोटी हॉटेलं झाली आहेत आणि दर परवडण्यासारखे आहेत. दिवसा इथे पर्यटकांची जत्रा असते, पण संध्याकाळी बसगाड्या गेल्या की गल्ल्या रिकाम्या होतात.

पश्चिम दरवाज्यातून आत शिरलात की समोर काल्ता मिनोर: बुटका, जाडजूड, नखशिखांत निळा-हिरवा मनोरा. मुहम्मद अमीन खानानं तो बांधायला घेतला, पण १८५५ साली खान लढाईत मारला गेला आणि बांधकाम २९ मीटरवर थांबलं ते थांबलंच. फोटो सगळे याचेच काढतात. मला मात्र खिवात सगळ्यात जास्त वेळ थांबावंसं वाटलं ते जुमा मशिदीत. बाहेरून काहीच नाही. ना भव्य कमान, ना घुमट. आत पाऊल टाकलं की काळोखात लाकडी खांबांचं रान. मोजायची हौस असेल तर मोजा, पुस्तकात २१३ लिहिलेले आहेत. मशीद आज उभी आहे ती १७८८ सालची, पण काही खांब दहाव्या-अकराव्या शतकातले, पडक्या इमारतींमधून आणून इथे बसवलेले. त्यामुळे दोन शेजारी एकसारखे नाहीत. एकावर खोल, ठसठशीत वेलबुट्टी, तर शेजारचा जवळजवळ सपाट. खांब बुंध्यापाशी एकदम निमुळता होतो आणि दगडी पायावर टेकतो. त्या सांध्यात उंटाची लोकर घालायचे, म्हणजे ओल आणि वाळवी वर चढत नाही, असं तिथले वाटाडे सांगतात. छताला ठेवलेल्या मोकळ्या चौकोनांतून उजेड खाली पडतो, तेवढाच. आत जाऊन लगेच मोबाइल काढू नका. डोळे अंधाराला सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात, नक्षी त्यानंतर दिसायला लागते.

आत्या शाकाहारी. त्यामुळे जेवणाचं आधीच सांगते. 'गोश्तसिज', म्हणजे मांस नसलेलं, हा शब्द पाठ करा, पण त्यावर फार विसंबू नका. मांस बाजूला काढलं की पदार्थ शाकाहारी झाला, अशी तिथे सर्रास समजूत आहे, आणि पुलाव तर चरबीतच शिजतो. भरवशाचं म्हणजे भोपळ्याचा सामसा, टोमॅटो-कांद्याची अचिचुक कोशिंबीर, दही, नान आणि मोसमात खरबूज. खिवाची खासियत शिवित ओशी, शेपूच्या रसात मळलेल्या हिरव्यागार शेवया. वर मटणाचा रस्सा असतो, तो नको म्हणून आधी सांगितलं तर नुसत्या दह्याबरोबर देतात. शेपू बघून नाक मुरडणाऱ्या आत्यानं दुसऱ्यांदा मागवल्या! मेतकूट, चटणी, थेपले मात्र जरूर न्या. आणि नान ताटात पालथा ठेवू नका, तो अनादर मानतात.

खिवा ते बुखारा रस्त्यानं साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. रेल्वेही आहे. आम्ही गाडी केली, कारण किझिलकूम वाळवंट डोळ्यांनी बघायचं होतं. वाळूच्या टेकड्या बघायला मिळतील ही अपेक्षा सोडा. तांबूस भुई, सक्साउलची खुरटी झुडपं आणि तासन्‌तास तेच. काही अंतर अमुदर्या नदी दिसत राहते, पलीकडे तुर्कमेनिस्तान. कंटाळा येतो, आणि तो यावाच, कारण उंटांच्या काफिल्याला हेच अंतर तोडायला कितीतरी दिवस लागत. वाटेत स्वच्छतागृहं मोजकी आणि जेमतेम. टिश्यू आणि सुटे सोम, म्हणजे तिथले पैसे, खिशात असू द्या.

बुखाऱ्याला किमान तीन रात्री द्या. दिवस कमी असतील तर समरकंदचा एक कापा, पण इथला नको.

सुरुवात सामानी राजघराण्याच्या मकबऱ्यापासून करा. दहाव्या शतकातला आहे, म्हणजे चंगीझखानाच्याही आधीचा, आणि आकारानं अगदी छोटा: दहा-अकरा मीटर बाजूचा ठोकळा, वर अर्धगोल घुमट. रंग नाही, फरशी नाही, फक्त भाजलेली वीट. पण ती वीट आडवी, उभी, तिरकी, कोपऱ्यावर अशी बसवली आहे की भिंत बुरुडानं विणलेल्या टोपलीसारखी दिसते. आत शिरून वर बघा. चौकोनी खोलीवर गोल घुमट कसा बसवायचा, हा कूटप्रश्न इथे चारही कोपऱ्यांत कमानी टाकून सोडवलाय. चौकोनाचा अष्टकोन, अष्टकोनाचे सोळा कोन आणि मग वर्तुळ. विजापूरच्या गोलघुमटात एकमेकींना छेदणाऱ्या कमानी ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना हाच प्रश्न सातशे वर्षं आधी किती साधेपणानं सुटला होता ते कळेल. सकाळी आठ-नऊला आणि पुन्हा सूर्य कलल्यावर असं दोनदा जा, कारण विटांच्या सावल्या सरकल्या की भिंत वेगळी दिसते.

कालोन मिनार ११२७ सालचा, ४६ मीटरच्या आसपास उंच. त्याच्यावर नक्षीचे पट्टे आहेत, प्रत्येक पट्ट्याची विटांची मांडणी वेगळी. वरच्या बाजूला निळ्या फरशीचा एक बारीक पट्टा आहे, तो नजरेतून सोडू नका. पुढे समरकंदला जो निळा पूर येतो, त्याची ही पहिली ओल. १२२० मध्ये चंगीझनं शहर जाळलं, पण हा मिनार राहिला. त्याची टोपी इथे खाली पडली आणि ती उचलायला तो वाकला म्हणून, अशी दंतकथा आहे. समोरासमोर कालोन मशीद आणि मीर-इ-अरब मदरसा. मशिदीचं तोंड पूर्वेला, तिचा फोटो सकाळी. मदरशाचं पश्चिमेला, त्याचा संध्याकाळी. मदरशात आजही विद्यार्थी शिकतात, त्यामुळे दाराच्या जाळीपर्यंतच जाता येतं.

लयाबी हौज हा १६२० सालचा तलाव, काठावर तुतीची जुनी झाडं आणि चहाच्या बैठका. शहरात पूर्वी असे हौद डझनांनी होते. लोक त्यांतच धुवायचे, त्यांतलंच प्यायचे, आणि नारूनं बेजार व्हायचे. हो, आपल्याकडच्या पायऱ्यांच्या विहिरींतून पसरायचा तोच नारू. सोव्हिएत डॉक्टरांनी १९२० च्या दशकात हौद उपसायला, बुजवायला घेतले आणि १९३० च्या सुमारास रोग हटला. जुन्या बुखाऱ्याच्या आठवणीनं गहिवरणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

हौदाच्या पूर्वेच्या नादिर दिवानबेगी मदरशाच्या कमानीवर दोन मोठे पक्षी आणि मध्ये माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य आहे. इस्लामी वास्तूत जिवंत आकृती काढत नाहीत, हे शाळेत शिकलेलं वाक्य इथे अडखळतं. असं सांगतात की वजिरानं बांधली होती सराई, पण उद्‌घाटनाला खान चुकून 'मदरसा छान झाला' म्हणाला. खान चुकत नसतो, म्हणून सराईचा मदरसा झाला.

बाजाराच्या चौरस्त्यांवर घुमट बांधलेले आहेत, त्यांना तोकी म्हणतात. जवाहिऱ्यांची वेगळी, टोप्या विकणाऱ्यांची वेगळी, नाणी बदलून देणाऱ्या सराफांची वेगळी. बाहेर ऊन भाजत असताना आत चांगलंच गार लागतं. मुलतान, शिकारपूरचे हिंदू व्यापारी आणि सावकार इथे पिढ्यान्‌पिढ्या पेढ्या चालवत होते. १५५८ मध्ये आलेल्या जेंकिन्सन या इंग्रजानंही इथल्या हिंदुस्थानी व्यापाऱ्यांबद्दल लिहून ठेवलं आहे. आज तिथे मॅग्नेट, सुझनी म्हणजे भरतकामाची कापडं, आणि कात्र्या. सुझनी घेताना कापड उलटं करून बघा: मशीनची शिवण मागून एकसारखी आखीव दिसते, हातची थोडी वाकडीतिकडी. सांगितलेल्या किमतीच्या साठ-सत्तर टक्क्यांवर सौदा बसतो. पन्नास वर्षांहून जुनी वस्तू असेल तर ती देशाबाहेर नेण्याची परवानगी लागते. दुकानदार 'काही होत नाही' म्हणतील, पण विमानतळावर ते नसतात.

बुखारा ते समरकंद सगळे रेल्वेनं जातात. तिघे-चौघे असाल तर गाडी करा आणि नवोईच्या अलीकडे रबाती मलिकला थांबा. हमरस्त्याला लागून अकराव्या शतकातल्या शाही सराईची फक्त एक कमान उरली आहे. मागे पडलेल्या भिंतींच्या पायाच्या ओळी, बाकी मोकळं रान. रस्त्याच्या पलीकडे सरदोबा, म्हणजे घुमटाखालचं पाण्याचं टाकं. जरफशान नदीचं पाणी कालव्यानं यात आणायचे. पायऱ्या उतरून आत गेलं की विटांचा मोठा घुमट, झरोक्यांतून येणारा वारा आणि खाली पाणी. आम्ही गेलो तेव्हा आत एक आजोबा नातवाला आवाज घुमवून दाखवत होते. या सहलीत व्यापारी मार्ग म्हणजे काय ते मला याच ठिकाणी समजलं. मदरसे आणि मनोरे नंतरचे. आधी एका मजलेवर पाणी आणि भिंतीआडचा मुक्काम हवा.

समरकंदबद्दल लिहिलेलं भरपूर मिळतं, म्हणून मोजकंच. रेगिस्तान या चौकातले तीन मदरसे: डावीकडे तैमूरचा नातू उलुगबेग याचा, १४१७ ते १४२० मधला. उजवीकडे शेरदोर आणि समोर तिल्लाकोरी, दोन्ही सतराव्या शतकातले. पहिल्यावर सकाळचं ऊन पडतं, शेरदोरवर संध्याकाळचं. तिल्लाकोरीच्या आत सोन्याचा मुलामा दिलेलं छत घुमटाकार वाटतं, पण ते सपाट आहे. नक्षी मध्याकडे लहान लहान होत जाते त्याचा हा भास. बीबी खानिम मशीद तैमूरनं १३९८ च्या दिल्लीच्या लुटीनंतर बांधायला घेतली, दगड वाहायला हिंदुस्थानातून नेलेले हत्ती होते. घाई इतकी की इमारत लवकरच तडकू लागली. आज दिसतं त्यातलं बरंच विसाव्या शतकातलं पुनर्बांधकाम आहे आणि माझ्या मते ते अति झालंय. तैमूरच्या जन्मगावी, शाखरिसब्झला, तर जुनी वस्ती पाडून बागा केल्या, म्हणून युनेस्कोनं २०१६ मध्ये ते धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकलं.

वेळ ठेवा तो शाही झिंदासाठी. अरुंद चढत्या गल्लीच्या दोन्ही बाजूंना कबरी. त्यातली १३७२ सालची शादी मुल्क आका हिची आवर्जून बघा. इथे फरशीवर नुसतं रंगकाम नाही, माती आधी कोरली आहे आणि मग झिलई देऊन भाजली आहे. बोटभर खोल नक्षीत निळा रंग साचलेला दिसतो. उदगीर-लातूरकडच्या लोकांना बीदर घरचंच. तिथल्या महमूद गावानच्या १४७२ सालच्या मदरशावर उरलेले निळे तुकडे याच घराण्यातले. परत आल्यावर तो पुन्हा बघून या. शाही झिंदाला पायऱ्या चढ आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी सकाळच्या गारव्यात जावं.

उलुगबेगच्या वेधशाळेत आज फक्त जमिनीखालचा कमानीसारखा खाचा उरलाय. बघायला पाच मिनिटं लागतात. पण चाळीस मीटर त्रिज्येच्या या यंत्रावर बनलेल्या ताऱ्यांच्या सारण्या सवाई जयसिंगाच्या पंडितांपर्यंत पोचल्या होत्या, तेव्हा जयपूरचं जंतरमंतर पाहिलेल्यांनी टॅक्सीचं भाडं वाया गेलं म्हणू नये.

आता किरकोळ. एका डॉलरला बारा हजारांच्या आसपास सोम मिळतात, म्हणून आकडे बघून घाबरू नका आणि शून्यं मोजून द्या. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, घडी पडलेली किंवा शिक्का असलेली नोट परत करतात. शहरांत यांडेक्स ॲपवरून टॅक्सी मागवा, रस्त्यावर घासाघीस करावी लागत नाही. अफ्रोसियोब ही वेगवान गाडी समरकंदहून ताश्कंदला दोन-अडीच तासांत पोचवते, पण तिकिटं झपाट्यानं संपतात. विक्री खुली झाली की लगेच काढा आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. हॉटेलनं तुमची नोंदणी केली आहे ना, ते निघताना विचारून घ्या. मशिदीत खांदे-गुडघे झाकलेले, बायकांना ओढणी, आणि सहज काढता येतील असे बूट. मोठ्या बाईला 'ओपा', पुरुषाला 'आका' म्हटलं की कामं पटकन होतात. आत्यालाही दोन दिवसांत सगळे ओपाच म्हणायला लागले होते.