सहा ओळी, पाच घरं

वर्डल हा इंग्रजी शब्दांचा ऑनलाइन खेळ: लपलेला पाच अक्षरी शब्द सहा ओळींत, म्हणजे सहा प्रयत्नांत ओळखायचा. प्रत्येक प्रयत्नाला खेळ घरं रंगवून उत्तर देतो. सोडवायला पाच-दहा मिनिटं लागतात. शब्द दिवसाला एकच, सगळ्यांना तोच. सुटला तर सुटला, नाहीतर उद्या. खेळणाऱ्याला चिकटवून ठेवायचं सोडून चक्क घरी पाठवणारा खेळ इतका चालावा, याची गंमत वाटते.

जोश वार्डल या सॉफ्टवेअर इंजिनिअरनं तो केला जोडीदार पलक शाहसाठी. इंग्रजीतले पाच अक्षरी शब्द बारा हजारांच्या घरात. त्यातले ओळखीचे तिनं निवडले आणि उत्तरांची यादी अडीच हजारांच्या आसपास आली. खेळाचा निम्मा जीव या निवडीत आहे. उत्तर पाहून ‘हा कुठला शब्द?’ असं दोनदा झालं की माणूस तिसऱ्यांदा फिरकत नाही.

१ नोव्हेंबर २०२१ला ९० जण खेळले, २ जानेवारी २०२२ला तीन लाखांवर. मधल्या डिसेंबरात निकालाचे रंगीत चौकोन इतरांना पाठवायची सोय आली होती. त्या चौकोनांत अक्षर एकही नाही. आपली धडपड चारचौघांत दिसते, उत्तर मात्र फुटत नाही. जानेवारी संपता संपता न्यूयॉर्क टाइम्सनं खेळ विकतच घेतला.

हिरवा म्हणजे अक्षर जागेवर, पिवळा म्हणजे आहे पण दुसरीकडे, राखाडी म्हणजे नाही. भांडणं होतात ती एकच अक्षर दोनदा-तीनदा आलं की. समजा उत्तर आहे सी-आर-ए-एन-ई आणि तुम्ही लिहिलंत ई-ई-आर-आय-ई. शेवटचा ई हिरवा, पहिले दोन राखाडी! खेळ चुकलेला नसतो. आधी हिरवे वाटले जातात, मग डावीकडून पिवळे. उत्तरात ई एकच, तो हिरव्यातच संपला.

खरा खड्डा पुढे आहे. आय-जी-एच-टी ही शेवटची चार घरं हिरवी झाली की माणूस हुरळतो. पण लाइट, नाइट, फाइट, राइट, माइट, साइट, टाइट, शिवाय आकड्यातला एट! एकेक करत बसलं तर ओळी संपतात. अशा वेळी हिरव्याचा मोह सोडून ‘फॉर्म्स’ लिहावा. एफ, आर, एम, एस एका ओळीत तपासून होतात: एखादं लागलं तर उत्तरच हाती, नाही लागलं तरी आठातले चार गेले. हार्ड मोडमध्ये, म्हणजे खेळाच्या अवघड प्रकारात, मात्र ही पळवाट बंद, कारण मिळालेली हिरवी अक्षरं तिथे जागची हलवता येत नाहीत.

हाच खेळ मराठीत करायचा म्हटला तर पहिलं कोडं करणाऱ्यालाच पडतं. ‘किल्ली’ दोन घरांची, की जोडाक्षर फोडून तीन? आणि क बरोबर, वेलांटी चुकली, तर त्या घराला रंग कोणता द्यायचा?