केल्सोची वारी, फोडासकट

जेडबरोहून केल्सो गावाकडे पायी निघालो तेव्हा पाऊस नव्हता, मग आला, मग परत गेला, स्कॉटलंडच्या बॉर्डर्समध्ये हे चालायचंच. मेलरोज, ड्रायबरो हे मठ आधीच झाले होते, फोटो काढले आणि पुढे. आमच्या घरात वारी पंढरीची, पण मिशनच्या शाळेत सकाळी प्रार्थनेला गायचो त्यातलं एक गाणं होरेशियस बोनरचं, १८४६ चं, केल्सोला पाद्री असतानाचं. थकलेल्या जिवाला येशू म्हणतो, ये, माझ्याकडे विसाव.

रॉक्सबरोच्या जुन्या रेल्वेपुलाजवळ टाचेचा फोड फुटला आणि मला त्या ओळीचा मनापासून राग आला. विसावू कुठे? सगळीकडे चिखल आणि मेंढ्यांच्या लेंड्या. सोबतचे मुकाट पुढे निघून गेलेले, ना टाळ ना अभंग, दिंडीत मागे राहिलेल्याला कुणीतरी 'चला माउली' तरी म्हणतं हो!

एका शेताच्या फाटकापाशी सत्तरीची बाई उभी होती. माझी चाल बघूनच म्हणाली, बूट काढ. उपड्या बादलीवर बसवलं, गरम पाणी आणलं ते कुत्र्याच्या वाडग्यात, धुतलाय म्हणाली, मी निरखून बघितलं नाही. पट्टी लावली, नवऱ्याचे जाड लोकरी मोजे दिले. बोनर तिला माहीत नव्हता. गाणं माहीत होतं. एक कडवं म्हटलं, बेसूर, मध्येच कुत्र्यावर ओरडून पुढची ओळ धरली, मला हसू आलं आणि मग डोळे का भरले देव जाणे.

आणि गंमत बघा, बोनरच्या चर्चमध्ये तेव्हा फक्त बायबलमधली स्तोत्रं गायची, माणसाने रचलेली गाणी चालायची नाहीत. केल्सोच्या आधी हा एडिनबराजवळ लीथला होता, तिथली मुलं स्तोत्रांना कंटाळायची म्हणून हा त्यांच्या ओळखीच्या चालींवर लिहायला लागला, पुढे सहाशेच्या वर गाणी झाली. स्वतःची पाच मुलं लहानपणीच गेली. १८४३ ला स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली, चारशेहून जास्त पाद्री बाहेर पडले, त्यात हा, आणि मुंबईचे जॉन विल्सनही, आपल्या विल्सन कॉलेजवाले. तेही ह्याच भागातले, लॉडरचे.

केल्सोचा मठ बघितला. सोबतचे चिप्स खात बसलेले, 'उशीर झाला?' विचारतात!

बोनरची कबर काही इथे नाही, ती एडिनबराला कॅननगेटमध्ये. तिथे मी बसने गेलो, ज्याला जे म्हणायचं ते म्हणा.