आंबोलीचा पातेरा: मातीतले माइट गोळा करायला जाणाऱ्यांसाठी

आंबोलीला जायचं तर पावसाळा सरता सरता जा. आम्ही ऑक्टोबरच्या उत्तरार्धात गेलो, तेव्हा पातेरा, म्हणजे झाडाखाली साचलेला कुजका पाला, वरून सुकत आलेला आणि खाली बोटभर ओला होता. माइट, म्हणजे कोळ्यांचे नातेवाईक असलेले बारीक जीव, यांच्यासाठी हाच हवा. जुलै-ऑगस्टमध्ये पाल्याचा लगदा होतो आणि चाळणीची भोकं बुजतात. उन्हाळ्यात माइट खाली ओलीत उतरतात.

सावंतवाडीहून घाट चढून सुमारे 30 किलोमीटर. वनखात्याची लेखी परवानगी निघण्याआधी हातात हवी, पाला उचलायचा असला तरीही. सड्याच्या (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाच्या) कडेचं अंजनी-जांभळाचं रान उत्तम. झाडाच्या बुंध्याशी अडकलेला पाला, कुजलेल्या ओंडक्याखालचा भुसा आणि दगडावरचं शेवाळ यांचे नमुने वेगवेगळे ठेवा, कारण प्रजाती बदलतात. सेंटिमीटरभर भोकाच्या चाळणीतून पाला चाळा आणि खाली पडलेला लिटरभर ऐवज कापडी पिशवीत भरा. प्लास्टिकच्या पिशवीत आतून पाणी सुटतं आणि त्यात माइट बुडतात. पिशवी उन्हातल्या गाडीत ठेवली तर तासाभरात नमुना संपला. चिठ्ठी पिशवीच्या आतच टाका आणि ती पेन्सिलीने लिहा. पेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, झाड, थराची खोली, गोळा करणाऱ्याचं नाव, यातलं काही राहिलं तर पुढे त्या प्रजातीचं मूळ ठिकाण सांगता येत नाही.

त्याच दिवशी नमुना फनेलमध्ये घाला: वरून ऊब मिळून पाला सुकत जातो तसे माइट खाली उतरतात आणि बाटलीत पडतात. इटलीच्या बर्लीझने 1905 मध्ये गरम पाण्याचं फनेल केलं, स्वीडनच्या टलग्रेनने 1918 मध्ये त्यावर दिवा आणला. आपण आजही तेच वापरतो. 2 मिलिमीटरची जाळी, तिच्यावर 4-5 सेंटिमीटर थर, वर 25 ते 40 वॅटचा बल्ब. पहिल्या दिवशी बल्ब लांब ठेवा. घाई केली तर वरचा थर कडक वाळतो आणि हळू चालणारे ऑरिबॅटिड (कठीण कवचाचे माइट) वाटेतच मरतात. पाला भरताना बरीच माती खाली गळते, म्हणून 75 टक्के अल्कोहोलची बाटली माती गळायची थांबल्यावरच लावा. पाच ते सात दिवस लागतात. वीज गेली तरी पाला सुकत राहतो, फक्त दिवस वाढतात. डीएनए काढायचा असेल तर काही माइट वेगळे करून 95 टक्क्यांवरच्या अल्कोहोलमध्ये ठेवा, पण त्यात पाय ठिसूळ होऊन तुटतात; नव्या प्रजातीच्या वर्णनासाठीचे त्यात नकोत.

खरं काम पुढे. खळगा असलेल्या काचपट्टीत माइट पारदर्शक करणाऱ्या लॅक्टिक आम्लाचा थेंब, त्यात माइट, वर अर्धाच खळगा झाकणारी कव्हरस्लिप. स्लिप केसभर सरकवली की माइट गडगडतो आणि पाठ, पोट, कूस सगळं दिसतं. गॅलुम्ना वंशाचा माइट असेल तर बाजूची पंखासारखी झापडं पायांवर मिटलेली सापडतात. ती बारीक सुईने उचलल्याशिवाय पाय दिसत नाहीत. काळपट माइटला हलकी ऊब द्या, फिकटाला थंडच राहू द्या. जास्त वेळ ठेवला तर माइट इतका पारदर्शक होतो की केसांची मुळंही शोधावी लागतात. कायमची स्लाइड करायची घाई नको: दाबला गेलेला माइट पुन्हा वळवता येत नाही.

किमान दहा प्रौढ मोजा. लांबी कुशीवरून घ्या, तुंडाच्या टोकापासून पाठीच्या मागच्या कडेपर्यंत. संवेदी केसाचा (डोक्याकडच्या खळग्यातून निघणाऱ्या) आकार, पाठीवरचे केस, सच्छिद्र क्षेत्रं (कवचावरचे बारीक छिद्रांचे ठिपके), जननझडपेवरच्या केसांच्या जोड्या आणि पायांवरचे केस ग्राँजाँ या फ्रेंच माइटतज्ज्ञाने ठरवलेल्या खुणांनी लिहा. पायांचे केस टाळणारी वर्णनं पुढच्या माणसाला निरुपयोगी ठरतात, हे आमचं ठाम मत. पिल्लं प्रौढांहून इतकी वेगळी दिसतात की एकट्या पिल्लावरून नवी प्रजाती करू नका. आणि तुलना फक्त भारतातल्या प्रजातींशी थांबवू नका. शेलोरिबेटीससारख्या वंशात तोच माइट आग्नेय आशियातून आधीच वर्णन झालेला असू शकतो.

नाव देताना होलोटाइप (ज्या एका नमुन्याला ते नाव बांधलेलं असतं तो) स्पष्ट नेमा आणि तो कुठे ठेवला ते छापा. जैवविविधता कायदा 2002 च्या कलम 39 नुसार नव्या प्रजातीची नोंद आणि नमुना अधिकृत भांडाराकडे द्यावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण हे त्यातलं एक. शोधनिबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी प्रकाशनाआधी करा आणि ती झाल्याचा उल्लेख निबंधातच असू द्या, नाहीतर नाव ग्राह्य धरलं जात नाही.