चौथी बाजू

१२ जुलै, नी-ऑलेसुंद (स्वालबार्ड, नॉर्वे)

घड्याळात रात्रीचे पावणेबारा. खिडकीला जाड पडदा आहे, तरी फटीतून उन्हाची पट्टी सरळ वहीवर पडलीये, दिवा लावायची गरज नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून इथे सूर्य मावळलेला नाही, आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मावळणारही नाही. पहिले दोन दिवस मजा वाटली. आता डोळे चुरचुरतात, आणि दिवस कुठे संपला हे फक्त जेवणाच्या वेळांवरून कळतं.

आज ब्लोमस्ट्रांडला जाऊन आले.

पाण्याचे नमुने घेऊन झाले तेव्हा तीनच वाजले होते. बोट चालवणारा म्हणाला, समोर जायचं का? कोंग्सफ्योर्ड, म्हणजे इथली समुद्राची खाडी, ओलांडून पाचेक किलोमीटर. मी लगेच हो म्हटलं. तो फुगीर नारिंगी सूट एकदा अंगात चढवल्यावर तासाभरात उतरवायचा म्हणजे मेहनत वायाच. (चेन गळ्यापर्यंत ओढायला अजूनही मला दुसरं माणूस लागतं.)

पाण्यात हिमनद्यांचे सुटलेले तुकडे तरंगत होते. बोटीचं इंजिन बंद केलं की ते तडतडतात, तेलात मोहरी टाकावी तसे. कधीकाळी बर्फात कोंडली गेलेली हवा, बर्फ वितळला की फुटून बाहेर येते. हा आवाज कितीही वेळ ऐकत बसेन मी. बोटवाल्याला त्याचं काही नाही, तो काठावर अस्वल दिसतंय का ते बघत होता. वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर बंदूक बरोबर लागते. वस्तीत घरांना कुलूप नसतं, कारण अस्वल आलंच तर जे दार जवळ असेल त्यात शिरता यावं.

तर ब्लोमस्ट्रांड. नकाशावर पूर्ण नाव ब्लोमस्ट्रांडहाल्वोया. १८६१च्या स्वीडिश मोहिमेत आलेल्या एका रसायनशास्त्रज्ञाचं नाव आणि पुढे 'हाल्वोया', म्हणजे द्वीपकल्प. बोटवाल्याने फोड करून सांगितली: 'हाल्व' अर्धं, 'ओय' बेट. अर्धं बेट. आणि मग हसून म्हणाला, पण हे आता पूर्ण आहे.

उत्तरेकडून एक हिमनदी येऊन या जमिनीला चिकटलेली होती. नकाशे काढणाऱ्यांनी त्या बर्फालाच मुख्य जमिनीशी जोडणारी बाजू धरलं. बर्फाखाली काय आहे हे दिसायची सोयच नव्हती. हिमनदी मागे मागे सरकत गेली आणि १९९०च्या दशकात ती जागा मोकळी झाली, तर तिथे निघालं पाणी. नाव मात्र कुणी बदललं नाही. केबिनमध्ये एक जुना कागदी नकाशा आहे. बोट बेटाच्या मागच्या बाजूने काढली तेव्हा मी त्यावर बोट ठेवून बघितलं: आम्ही बरोबर हिमनदीच्या पोटात होतो. उजवीकडे काळा कडा, डावीकडे बर्फाची भिंत, दूर गेलेली, आणि मध्ये हिरवट गढूळ पाण्यावर किटीवेक पक्ष्यांचा गोंधळ.

दक्षिण काठावर उतरलो. तिथे एक उजाड लंडन आहे. अर्नेस्ट मॅन्सफिल्ड नावाच्या इंग्रज माणसाला इथे संगमरवर सापडला, आणि १९११ मध्ये त्याने खाण काढली. घरं, बॉयलर, क्रेन, रूळ, सगळा थाट. दगड दिसायला देखणा, पण हजारो वर्षांच्या गोठण्याने आतून तडकलेला; बर्फानेच धरून ठेवलेला. उबेत आला की भुगा. मॅन्सफिल्डची मला कीव येत नाही, थोडं हसू येतं. एवढी यंत्रं आणण्याआधी एक चीप घरी नेऊन शेगडीजवळ ठेवली असती तरी चाललं असतं. लंडनची काही घरं पुढे फ्योर्ड ओलांडून आमच्या गावात आणली, ती अजून उभी आहेत. क्रेन आणि बॉयलर तिथेच गंजतायत.

रात्री बाबांशी बोलले. इथे वायफाय, ब्लूटूथ सगळं बंद ठेवावं लागतं, कारण गावातल्या वेधशाळेच्या अँटेना फार दूरच्या आकाशातले क्षीण रेडिओ संकेत टिपतात. त्यामुळे लॅपटॉपला केबल लावून, टेबलाला बांधल्यासारखं बसून बोलायचं. बाबांनी तीस वर्षं भूगोल शिकवला. "तीन बाजूंनी पाणी आणि एका बाजूने जमीन" हे वाक्य आमच्या घरात मुलांच्या पेपरांमुळे इतक्यांदा ऐकलंय की मला ते स्तोत्रासारखं पाठ आहे. बेटाचं सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प. मला वाटलं केबल निघाली.

मग म्हणाले, "अगं, आपला शब्द त्यांच्यापेक्षा नेमका आहे. अर्धं बेट नव्हे. संस्कृतात 'कल्प' लागला की जवळजवळ, थोडंसंच कमी. द्वीपकल्प म्हणजे बेट व्हायला थोडंसंच उरलेलं."

हे त्यांनी मला आधी कधी सांगितलं नव्हतं. वर्गात सांगितलं असेल का, तेही विचारायचं राहिलं.

गंमत अशी की मी राहते ते गाव खऱ्या द्वीपकल्पावर आहे, ब्रोगर द्वीपकल्पावर. 'हिमाद्री' हे आपलं, भारताचं, संशोधन केंद्र १ जुलै २००८ला इथेच सुरू झालं. याच फ्योर्डात २०१४ पासून पाण्याखाली आपली 'इंडआर्क' यंत्रणा आहे. अटलांटिकचं कोमट पाणी किती आत शिरतं ते मोजायला तिचा उपयोग होतो. ते पाणी समुद्राला टेकलेल्या हिमनद्यांना खालून पोखरतं. माझ्या बाटल्यांतही तेच पाणी आहे, लेबलं लावून फ्रीजमध्ये ठेवलेलं.

बाबांना त्या खाणीतला संगमरवराचा एक तुकडा हवा होता. नाही म्हटलं. स्वालबार्डमध्ये १९४६ पूर्वीच्या माणसाच्या खुणांना हात लावायला बंदी आहे. थोडे हिरमुसले. "बरं, मग फोटो पाठव. त्या चौथ्या बाजूचा."

आत्ता फोटो बघतेय. नुसतं पाणी आलंय, आणि कोपऱ्यात माझ्या हातमोज्याचा अंगठा. हाच पाठवते.