सासूबाईंना डेंग्यू आणि बँक शून्य

मी एका मराठी सिरियलचे संवाद लिहिते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, रोज रोज सुचतं कसं गं तुला? मी आपली हसून वेळ मारून नेते. पण मागच्या पावसाळ्यात एक दिवस असा आला की चार माणसं समोर उभी राहून मला सुचायची वाट बघत होती आणि माझं डोकं ठार कोरं होतं.

बाहेरच्यांसाठी आधी थोडं. सिरियलमध्ये बऱ्याचदा कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे असतात. अर्ध्या तासाचा स्लॉट म्हणजे जाहिराती सोडून साधारण २२ मिनिटं, पाच-सहा सीन. शूट होऊन पडून असलेल्या एपिसोडना बँक म्हणतात. बँक भरलेली असली की अख्खं युनिट गुण्यागोविंदाने नांदतं, आणि संपली की कालपर्यंत ताई-ताई करणारे लोक फोन उचलल्या उचलल्या डायरेक्ट ‘कुठपर्यंत आलं?’ विचारतात. आमची त्या आठवड्यात शून्य होती, म्हणजे सकाळी शूट, दुपारी एडिट आणि संध्याकाळी तेच टीव्हीवर.

सकाळी चहा पण झाला नव्हता तर ईपीचा, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरचा फोन. “अगं ऐक, ताईंना डेंग्यू निघालाय, रात्री ॲडमिट केलंय, तू सेटवरच ये.” ताई म्हणजे आमच्या सिरियलच्या सासूबाई. त्या दिवशी त्या घराचे कागद सुनेच्या हातात देणार होत्या, महिनाभर सगळं त्या एका सीनकडे चाललं होतं.

दहिसरहून गोरेगाव, पुढे रिक्षाने फिल्मसिटी. १९७७ सालची ही चित्रनगरी, आमचा फ्लोअर तिथला जुनाच, वर पत्रा, पाऊस जोरात आला की साऊंडवाले दादा नुसता हात वर करतात आणि सगळे गप्प बसतात. मी पोचले तेव्हा सासरे, सून आणि नणंद मेकअप करून तयार, किचनचा सेट लावलेला, आणि चॅनलच्या क्रिएटिव्ह मॅडम स्पीकरवर. त्यांचं म्हणणं, सासूबाईंना पंढरपूरला पाठवा आणि नणंद-भावजयीचं एक भांडण टाका. हे असं नेहमीच करतात आणि मला ते अजिबात पटत नाही, काल रात्री जी बाई पोळ्या लाटत होती ती आज उठून एकदम वारीला कशी जाईल, प्रेक्षक काय झोपलेत का? मी म्हटलं अर्धा तास द्या.

माझी एक सवय आहे, रात्री लिहिणं थांबवताना सीन मुद्दाम अर्धा सोडायचा, म्हणजे सकाळी सुरुवात कुठून करायची हा प्रश्न राहत नाही. एरवी ही सवय सोन्यासारखी आहे. त्या दिवशी काडीचा उपयोग नाही, कारण अर्धा सोडलेला सीन नेमका सासूबाईंचाच होता.

मग चालायला लागले. बाहेर धो-धो पाऊस म्हणून मेकअप रूम्सच्या पॅसेजमध्येच, या टोकाचा बंद कूलर ते त्या टोकाचं बाथरूम. लोकांना वाटतं हा टाइमपास आहे, पण स्टॅनफर्डच्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये छापलंय की बसून राहण्यापेक्षा चालताना नवीन कल्पना सरासरी ६० टक्के जास्त सुचल्या, आणि त्यातली बरीचशी माणसं तर कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालत होती. म्हणजे त्यासाठी समुद्र, डोंगर काही लागत नाही, आमचा पोपडे उडालेला पॅसेजही चालतो.

चालता चालता वही काढली. या वहीत मी कल्पना लिहीतच नाही, फक्त कानावर पडलेली वाक्यं, कुठे ऐकलं आणि बोलणारा तेव्हा हाताने काय करत होता, बस. चांगलं-वाईट ठरवायचं नाही, लगेच वापरायचं पण नाही. लेडीज डब्यात तर दोन स्टेशनं झाली की एक पान भरतं. ‘मीठ कमी पडलं सांगायला फोन केलास होय’ - विरार लोकल, बाई मटार सोलत होती, सालं पिशवीत, दाणे डब्यात, फोन खांद्यात. मग बरीच पानं काहीच कामाची नाहीत. आणि मग हे सापडलं, आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे एक आजोबा, हातात रिकामी पिशवी, विचारत होते, ‘आमच्याकडे कुठली चहा पावडर जाते हो?’

पॅसेजमध्येच थांबले. पन्नाशीचा संसार झालेला माणूस आणि घरात चहा कुठला पितात ते वाण्याला विचारतोय, कारण बायको घरात नाही. सासूबाई नाहीयेत ना, मग एपिसोडच त्यांच्या नसण्याचा करायचा! बहीण घसरून पडली म्हणून पहाटेच्या गाडीने रत्नागिरीला गेल्या, एका वाक्यात विषय मिटला. आता सासरे किचनमध्ये साखर शोधतायत, डब्यामागून डबे उघडतायत, आणि घराचे कागद निघतात तांदळाच्या डब्यात, सुनेच्या नावाच्या पाकिटात. देणारी बाई समोर नाही आणि कागद तर पोचले.

पुढचं सगळं पळापळीत झालं. मी वहीच्या मागच्या पानांवर हाताने लिहीत होते, एडी, म्हणजे असिस्टंट डायरेक्टर, पान फाडून न्यायचा आणि कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून प्रॉम्प्ट करायचा. सेटवरचे डबे रिकामे असतात हे कोणाच्या लक्षातच नव्हतं, मग स्पॉटदादांनी केटरिंगवाल्याकडून पातेलंभर तांदूळ आणले. सासऱ्यांचं काम करणारे काका रंगभूमीवरचे जुने, त्यांनी डबा उघडण्याआधी बोटाने टकटक करून कानाला लावला, आत काय असेल याचा अंदाज घेतल्यासारखा. हे मी लिहिलं नव्हतं. आणि मटारवाल्या बाईचं वाक्य उलटं करून त्यांच्या तोंडी दिलं, बायकोला फोनवर, “नाही गं, मीठ कमी पडलं म्हणून नाही केला फोन.” फक्त त्यांचीच बाजू ऐकू येते, पलीकडचा आवाज नाही. तिथे पाऊस आला, साऊंडवाल्या दादांचा हात वर, दहाएक मिनिटं सगळे ठप्प, आणि काका तसेच फोन कानाला लावून उभे.

हां, अजून एक सवय सांगायची राहिली, दुसऱ्यांच्या सिरियल मी जवळजवळ बघतच नाही. त्यापेक्षा माटुंग्याला महेश्वरी उद्यानाच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकतात तिथून मिळेल ते जुनं काहीतरी उचलते. सिरियल बघून सिरियल लिहिली की सगळ्या सासवा पंढरपूरलाच जातात.

एपिसोड वेळेवर गेला. दुसऱ्या दिवशी क्रिएटिव्ह मॅडमचा मेसेज, सासऱ्यांचा असा एक सीन दर आठवड्याला देशील का? गुरुवारी टीआरपी आला की बघू म्हटलं. ताईंचा फोन मात्र त्याच रात्री हॉस्पिटलमधून आला होता, आवाज खोल गेलेला, सलाईन चालू. “सगळे म्हणतायत आजचा एपिसोड छान झाला. मी नसताना छान झाला हे मला अजिबात आवडलेलं नाही, आणि माझ्या तांदळाच्या डब्यात कागद ठेवायची अक्कल कोणाची गं? तांदळात टोके होतात!”